२००८ स्विफ्ट पेट्रोल: घाटात आरपीएम चढतो, गाडी ओढत नाही. क्लच गेला का?

वाईकर_स्विफ्ट

गाडी २००८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, १.३ पेट्रोल, १,१२,००० किमी. सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे आधी क्लच बदललाय का याची नोंद नाही.

पसरणी घाटात चौघं बसलेले असताना तिसऱ्या गिअरवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, काटा वर जातो, पण गाडी त्या मानानं चढत नाही. पाचगणीला पोचेपर्यंत जळका वास. सपाटीवर एकटा असलो तर काहीच जाणवत नाही. क्लच खूप वर लागतो, पेडल जवळपास पूर्ण सोडल्यावर गाडी हलते. शिवाय रिव्हर्स टाकताना अधूनमधून करकरतं. त्यासाठी मध्यंतरी गॅरेजमध्ये क्लचची केबल आवळून घेतली होती. करकर थोडी कमी झाली, पूर्ण गेली नाही.

मेकॅनिक म्हणतो क्लच सेट आणि फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाचं जड चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते) दोन्ही टाका. गिअरबॉक्स उतरवण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल? आणि फ्लायव्हील खरंच बदलावं लागतं का?

पाना_बारा

दादा, तुमच्या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत, आधी त्या वेगळ्या करा. घाटात आरपीएम चढणं म्हणजे क्लच नीट धरत नाही, घसरतो (स्लिप). रिव्हर्स करकरणं म्हणजे क्लच नीट सुटत नाही. केबल आवळली की सुटणं सुधारतं, पण जास्त आवळली तर धरणं बिघडतं. त्यामुळे मला पहिला संशय त्या आवळलेल्या केबलवरच आहे.

इंजिन बंद ठेवून खाली वाका आणि क्लच पेडल पायानं नाही, हातानं दाबा. सुरुवातीला पेडल हलकं जातं, मग एका जागी दाब लागतो. तेवढं अंतर म्हणजे फ्री प्ले. शेजारी फूटपट्टी धरून मोजा. या गाड्यांत तो साधारण १५ ते २५ मिमी असावा. मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातला आकडा धरा. तुमचा शून्याच्या जवळ निघाला तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) फिंगरवर, म्हणजे तिच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर, कायम टेकलेलं आहे, म्हणजे चोवीस तास कुणीतरी पेडलवर पाय ठेवून बसल्यासारखं. क्लच प्लेट चांगली असली तरी अशा गाडीत स्लिप होणारच, आणि बेअरिंगही लवकर जाईल.

एक गोष्ट बरेच जण उलटी समजतात. प्लेट झिजते तसा केबलचा प्ले वाढत नाही, कमी होतो. लायनिंग (क्लच प्लेटवरचा घर्षणाचा थर) पातळ झालं की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि फिंगरची टोकं गिअरबॉक्सच्या बाजूला येतात, बेअरिंगच्या जवळ. म्हणून जुन्या क्लचला केबल अधूनमधून सैल करावी लागते. तुमच्याकडे ती आवळली गेली.

ॲडजस्टमेंट गिअरबॉक्सच्या टोकाला आहे. केबल जिथे रिलीज लिव्हरला अडकते तिथे आटे आणि नट दिसेल. हात पोचत नसेल तर एअर फिल्टरचा डबा बाजूला काढा. आट्यांवर आधी डब्ल्यूडी-४० मारून ठेवा, गंजलेले असतात. नट थोडा फिरवा, पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडा, मग पुन्हा मोजा. न दाबता मोजलं तर आकडा फसवा येतो.

हे करताना नट कुठवर आलाय ते बघून ठेवा. प्ले बरोबर बसवायला नट आट्यांच्या अगदी टोकाला आणावा लागला, तर प्लेट संपत आली असं धरायला हरकत नाही.

घाटमाथा

रिव्हर्सबद्दल. या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअरचे वेग आधी जुळवून घेणारी सोय) नाही. क्लच दाबला तरी इनपुट शाफ्ट (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) क्षणभर फिरत राहतो, आणि त्यात रिव्हर्स ढकललं की करकरणारच. इंजिन गरम, आयडलिंगवर, गाडी पूर्ण थांबलेली. क्लच तळापर्यंत दाबून मनात पाच मोजा, मग रिव्हर्स टाका. आवाज आला नाही तर क्लच सुटतोय, फक्त घाई होतेय. आधी पहिला गिअर टाकून लगेच रिव्हर्समध्ये घेतलं तरी काम होतं. पाच सेकंद थांबूनही करकरलं तर मात्र क्लच पूर्ण सुटत नाही. मग कारणं शोधायची: केबल आतून तुटत आलेली, प्लेट वाकलेली, किंवा प्लेटचा हब (मधला भाग) शाफ्टच्या स्प्लाइनवर (खाचांवर) गंजून अडकतोय.

प्ले बरोबर असताना हे करा. सैल केबलवर केलेली टेस्ट कामाची नाही. आणि पेडलखाली जाड मॅट असेल तर काढा. हसू नका, मॅटमुळे पेडल तळापर्यंत न जाणं हे नेहमीचं कारण आहे.

डिझेलवाला_नगर

स्लिप बघायची सोपी टेस्ट: हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, १५००-२००० आरपीएमवर क्लच सोडा. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं तर क्लच चांगला. चालू राहिलं तर गेला. पुढे कुणी उभं राहू देऊ नका.

पाना_बारा

ही टेस्ट खोटी नाही, पण ती फक्त पार मेलेला क्लच पकडते. अर्धवट गेलेला क्लच १५०० आरपीएमवर इंजिन आरामात बंद पाडतो आणि माणूस समजतो सगळं ठीक आहे. पेट्रोल इंजिनचा पूर्ण टॉर्क त्याच्या बराच वर येतो. त्यात लायनिंग गार असतं. वाईकरांची गाडी सपाटीवर ठीक आणि घाटात गरम झाल्यावर स्लिप होते, म्हणजे ती या टेस्टमध्ये पास व्हायचीच शक्यता जास्त. करायचीच तर एकदाच. पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळेल.

गिअरगणित

स्विफ्टला टॅकोमीटर (आरपीएमचा मीटर) आहे, त्याचा उपयोग करा. क्लच पूर्ण धरलेला असेल तर एका गिअरमध्ये एका वेगाला एकच आरपीएम असतो. सपाटी असो, चढ असो, गाडी रिकामी असो की भरलेली. ते नातं मोडलं तर मधे फक्त क्लचच घसरू शकतो, दुसरं काही नाही. स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवत असला तरी फरक पडत नाही, कारण दोन्ही वेळा तोच मीटर वापरायचा आहे.

तिसरा गिअर, ५० चा वेग. तुमच्या गाडीत हा आकडा २२०० च्या आसपास येईल. आधी सपाट रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवून नोंद घ्या. मग मोकळा, सरळ चढ बघून तिसऱ्या गिअरवर ३५-४० पासून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि काटा ५० ओलांडतो त्या क्षणीचा आरपीएम घ्या. तुम्ही रस्त्यावर लक्ष ठेवा. शेजारच्यानं मोबाईलवर मीटरचा व्हिडिओ काढायचा आणि घरी येऊन तो थांबवून बघायचा. हेच गार इंजिनवर एकदा आणि घाट चढून गरम झाल्यावर एकदा. पसरणीच्या वळणांत हे करू नका, तिथं ना जागा ना दृश्यता.

काट्याची जाडी आणि व्हिडिओचा कोन धरून शंभर इकडेतिकडे सोडून द्या. दोनशेच्या वर फरक आला तर स्लिप आहे.

आणि दोन्ही वेळा आरपीएम सारखाच आला, पण गाडी तरीही ओढत नसेल, तर क्लच सोडून द्या. एअर फिल्टर, प्लग, पेट्रोलचा दाब, नाहीतर ब्रेक चिकटलेले. ब्रेकचं लगेच कळतं: चार-पाच किमी ब्रेक फारसा न वापरता चालवा, थांबा, चारही रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर तिथंच ताकद जातेय.

वाईकर_स्विफ्ट

सगळ्यांचे आभार. तपासून आलो.

प्ले जेमतेम ३ मिमी होता. नट सैल करून २० वर आणला, आता आट्यांवर थोडेच पेड शिल्लक आहेत. रिव्हर्स पाच मोजून टाकलं तर एकदाही करकरलं नाही. व्हिडिओवरून आकडे: सपाटीवर तिसऱ्यात ५० ला २२००. गार असताना चढावर २२५०. घाट चढून गरम झाल्यावर त्याच चढावर २६००, आणि वास परत आला. चारही चाकं सारखीच कोमट.

म्हणजे केबल सैल करूनही स्लिप आहे. प्लेटच ना?

गिअरगणित

हो. रिव्हर्सचा मुद्दा संपला. गार असताना धरतोय आणि गरम झाला की साडेतीनशे-चारशेनं सुटतोय, म्हणजे लायनिंग झिजलंय किंवा तापून काचेसारखं गुळगुळीत झालंय. प्ले नसताना चालवल्यानं त्यात भर पडली असणार. आता केबल कितीही हलवली तरी ते परत येणार नाही.

एकच गोष्ट उघडण्याआधी बघा: इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथे, बेल हाउसिंगच्या खालच्या कडेला तेल ओघळलंय का. काळं, पातळ असेल तर इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकचा मागचा सील. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल, इनपुट शाफ्टचा सील. सील गळत असताना नुसता क्लच सेट टाकला तर नवी प्लेटही तेल पिईल. तेल लागलेली प्लेट पेट्रोलनं धुऊन परत बसवणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका. लायनिंगच्या आत मुरलेलं तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येतं.

पाना_बारा

फ्लायव्हीलचं उत्तर गिअरबॉक्स उतरल्यावरच देता येतं. न बघता बदला म्हणणं मला पटत नाही. तुमच्या पेट्रोल स्विफ्टला साधं एकसंध फ्लायव्हील आहे, काही डिझेल गाड्यांसारखं ड्युअल मास नाही. निळे डाग आणि उथळ चरे असतील तर लेथवर हलकी स्किन मारून (वरचा पातळ थर काढून) चालतं. नखाला अडकणाऱ्या भेगा असतील, खोल खड्डे असतील किंवा रिंग गिअरचे (स्टार्टर अडकतो त्या कडेचे) दात खाल्लेले असतील तर बदला. डायल गेज असलेला वर्कशॉप असेल तर रनआउट (फिरताना किती डगमगतं ते) बघायला सांगा, ०.२ मिमीच्या वर नको.

जुनी प्लेट हातात घेऊन रिव्हेटचं डोकं लायनिंगपासून किती खोल आहे ते बघा. अर्धा मिमी किंवा कमी उरलं असेल तर तिचं आयुष्य संपलं. रिव्हेट उघडे पडले तर फ्लायव्हीलला गोल चर पडतील, त्यामुळे आता फार लांबवू नका. तोवर गाडी भरून घाटात नेऊ नका आणि चढावर हाफ क्लचवर धरून ठेवू नका, हँडब्रेक वापरा.

घेताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एका कंपनीचं घ्या. व्हॅलिओ, लुक, एक्सेडी, काहीही चालेल, फक्त दुकान भरवशाचं बघा, डुप्लिकेट माल भरपूर आहे. मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स चढवण्या-उतरवण्याचा असतो, म्हणून बेअरिंग वाचवण्यात अर्थ नाही. ड्राइव्ह शाफ्ट निघणारच आहेत, तर त्यांचे दोन्ही ऑइल सील त्याच वेळी टाकून घ्या.

घाटमाथा

बसवताना जवळ उभं राहता आलं तर राहा. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरनं पुसलाच पाहिजे. बरेच जण तसंच बसवतात आणि मग नवा क्लच थरथरतो. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू तिच्यावर छापलेली असते. सेंटरिंगसाठी अलाइनमेंट टूल वापरायला सांगा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, शेवटी २३ न्यूटन-मीटरवर. स्प्लाइनला ग्रीस अगदी पातळ, जास्तीचं पुसून टाकायचं, नाहीतर फिरताना उडून लायनिंगवर जातं. रिलीज बेअरिंग पेट्रोलमध्ये बुडवू द्यायचं नाही, ते सीलबंद असतं आणि आतलं ग्रीस धुऊन जातं.

सगळ्यात महत्त्वाचं: गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका. खाली जॅक हवाच. प्लेटचा हब वाकला तर पहिल्या दिवसापासून रिव्हर्स करकरेल, आणि पुन्हा कुणीतरी केबल आवळेल.

डिझेलवाला_नगर

क्लच दाबल्यावर किंवा सोडल्यावर काही आवाज येतो का ते पण आत्ताच ऐकून ठेवा. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. दाबल्यावरच आवाज, तर रिलीज बेअरिंग. ते तर सेटमध्ये बदलेलच, पण पहिलं निघालं तर गिअरबॉक्स खाली असतानाच करून घेता येईल.

वाईकर_स्विफ्ट

दोन्ही ऐकलं, न्यूट्रलमध्ये आवाज नाही. दाबल्यावर बारीक शिट्टीसारखं येतं, म्हणजे रिलीज बेअरिंग. बेल हाउसिंग खालून कोरडं आहे. फ्लायव्हील बघून ठरवू असं मेकॅनिकला सांगितलं, तो तयार आहे. केबलही नवी टाकू का?

पाना_बारा

टाका. नव्या सेटला प्ले नव्यानं लावावा लागेलच, आणि जुनी केबल आतून एक-दोन तारा तुटलेली असली तर बाहेरून कळत नाही. गिअर ऑइल ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ भरा, फिलर प्लगच्या भोकातून ओघळेपर्यंत, गाडी सपाट उभी असताना. पहिले ४००-५०० किमी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नका, मग प्ले पुन्हा मोजा, सुरुवातीला थोडा हलतो.