पहिलीच रायफल मॅग्नम? खांदा जड झालाय का?

दूरदेशी सत्तरीकर
भाच्याने परवा या फोरमवर साधा प्रश्न विचारला होता. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डेअरीत कामाला लागलाय, बंदुकीचा परवाना नुकताच हातात आलाय. ससे, रानबकऱ्या, फॅलो हरणं, पुढेमागे रेड डिअर आणि ताहर (डोंगरी रानबोकड), तर पहिली रायफल कोणत्या बोअरची, म्हणजे किती रुंद नळीची, घेऊ? त्यावर 'एक गोळी' या महाशयांचं उत्तर: ".३०० विन मॅग घे आणि मोकळा हो. .२४३ बायकापोरांची." खाली पटापट अंगठे. अंगठे देणाऱ्यांत आपल्या गोव्याच्या सत्तरीतल्या वाळपईच्या पलीकडे डोंगर न पाहिलेलेही होते.

मी न्यूझीलंडमध्ये अकरा वर्षं आहे, म्हणून लांबलचक लिहितो. मॅग्नम म्हणजे जादा दारूचं दणकट काडतूस. नवख्याचं वैरी जनावर नसतं, स्वतःचा दचका असतो. .३०० मॅगचा धक्का .३०८ च्या साधारण दीडपट, .२४३ च्या दुपटीहून जास्त. चार बार झाले की चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. माझे मिटायचे. पहिल्या वर्षी असाच कोणाचा तरी सल्ला ऐकून जुनी .३०० घेतली. साठ मीटरवरची फॅलो मादी, गोळी पोटात. अंधार पडेपर्यंत शोधली, सकाळी सापडली. मांस फुकट गेलं, आणि त्या रात्री जेवण गेलं नाही ते वेगळंच.

बकरी आणि फॅलोला .२४३ भरपूर. अंतर बेताचं आणि नेम शांत असेल तर रेड डिअरलाही पुरते. ताहरचा नर दांडगा, मानेवर आयाळ, कातडं जाड, तिथे .३०८ बरी. एकच घ्यायची तर .३०८, गोळी १५० ग्रेन वजनाची. काडतूस खेड्यातल्या दुकानातही मिळतं. सशाला .२२. मॅग्नमने ससा मारलात तर कान तेवढे घरी न्या.

एक गोळी
तुमचा नेम चुकला आणि दोष बोअरचा! छान. ताहर काही गोठ्यात बांधलेला नसतो. डोंगराच्या पल्याड, साडेतीनशे मीटर, दरीतून वारा, तिथे तुमची .२४३ काय करणार? आधी लहान घ्या, मग मोठी घ्या, म्हणजे दोन रायफली, दोन दुर्बिणी, दोनदा खर्च. आणि दचका सवयीने जातो. आमच्या डिचोलीत पोरं पहिल्या दिवशी बुलेट मोटारसायकलच शिकतात.

दूरदेशी सत्तरीकर
आणि पहिल्या महिन्यात सायलेन्सरवर पोटरी भाजून घेतात. साडेतीनशे मीटरवर नवख्याने बार टाकूच नये, हेच तर सांगतोय. जवळ जायला शिकावं. त्याला पारध म्हणतात.

दहा पूर्णांक नऊ
मी एअर रायफल मारतो, शिकार नाही, तरी नाक खुपसतो. धक्का नुसत्या बोअरवर ठरत नाही. तीन किलोच्या रायफलीत .३०८ सुद्धा गालफाड फोडते, चार किलोच्यात गुमान राहते. आणि ६.५ क्रीडमूर या काडतुसाचं नाव कोणीच घेत नाही? २००७ चं आहे, धक्का .३०८ पेक्षा कमी, गोळी वाऱ्यात कमी भरकटते. अर्थात आधी .२२ वर हजार बार काढा. हजार म्हणजे हजार.

कुळागर
तुम्ही ताहर नि क्रीडमूर घेऊन बसा. इकडे माझ्या कुळागरात रानडुकरांनी सुरण, कणगी सगळं उकरून टाकलंय, पोफळींची रोपं आडवी. माझ्याकडे आजोबांची ठासणीची आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच ठासणीची बंदूक पीकरक्षणासाठी असं लिहिलेलं आहे. पण निवडणूक लागली की ठाण्यात जमा करा! विधानसभा, लोकसभा, झेडपी, पंचायत, आमच्या गोव्यात कायम कसली तरी असतेच. २०२२ ची पंचायत आठवते? ऑगस्ट महिना, भात पोटरीत आणि बंदूक ठाण्यात. परत मिळाली तेव्हा घोडा गंजून बसलेला. विचारलं तर म्हणतात, पाऊस होता ना काका.

शेकरू
काका, पीकरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा नव्हे. बार हवेत काढून हाकलायला आहे तो. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या परिशिष्टात आहे, मारायचं तर वन्यजीव वॉर्डनची लेखी परवानगी लागते. ठासणीच्या किती बंदुका रात्री पाणवठ्यावर जाऊन बसतात तेही लिहा की. आणि 'जनावर नुकसान करतं' इथून सुरू झालेलं कुठे संपतं ते सत्तरीतल्या गोळावलीत जानेवारी २०२० ला बघितलंय. वाघीण आणि तीन बछडे, विषाने.

कुळागर
विष आणि बंदूक एकाच दोरीला कशाला बांधता? मी कधी गव्यावर छर्रा टाकला नाही, वाघाचं तर नावच सोडा. केरळात २०२२ पासून पंचायतीचा अध्यक्षच डुकराला मारायची परवानगी देऊ शकतो. आम्ही मात्र अर्ज घेऊन पणजी. तोवर डुकरीण पिल्लं घेऊन येते, परत नव्याने मोजा.

एक गोळी
काकांना .३१५ द्या म्हणतो मी. एका गोळीत विषय संपेल.

दूरदेशी सत्तरीकर
परत एक गोळी! कुळागरात, शेजाऱ्याचं घर दोनशे पावलांवर असताना, रायफल? चुकलेली गोळी किलोमीटरहूनही लांब जाते. आणि .३१५ आपल्याकडे जन्मली कशी ते ठाऊक आहे का? .३०३ लष्करी बोअर म्हणून सामान्य माणसाला बंद, तेव्हा सरकारी कारखान्याने .३१५ काढली. गंमत म्हणजे इथे न्यूझीलंडमधल्या म्हाताऱ्यांनी आयुष्यभर हरणं मारली ती लाकूड कापून हलकी केलेल्या त्याच .३०३ ने. खांद्याबद्दल तक्रार केली नाही, मॅग्नमही मागितली नाही.

शेकरू
तिथलं गणित इथे लावू नका एवढंच. न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा सस्तन प्राणी मूळचा नाहीच. हरणं, ताहर सगळं बाहेरून आणून सोडलेलं, ताहर तर आपल्या हिमालयातला, १९०४ साली नेला. रान वाचवायला ते मारावं लागतं. गवा इथलाच, डुक्करही इथलंच.

दूरदेशी सत्तरीकर
बरोबर. इथे सरकारी रानात शिकारीची परवानगी फुकट मिळते ती त्यामुळेच. हे मी आधी लिहायला हवं होतं.

शेकरू
काकांचा ऑगस्टचा मुद्दा मात्र मान्य. या धाग्यावर एकदाच मान्य करते, जपून ठेवा. निवडणुकीत कोणाची बंदूक जमा करायची ते छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचं वेगळं बघून ठरवायचं असतं, सरसकट जमा नाही. सूट मागता येते.

कुळागर
मागायला गेलो होतो बाय. तीन खेपा. चौथीला गेलो तेव्हा विजयी मिरवणूक ठाण्यासमोरून चालली होती.

दहा पूर्णांक नऊ
'एक गोळी' बाब, राग नको, पण मॅग्नम तुम्ही नेमकी किती वेळा मारली आहे?

एक गोळी
मेहुण्याची, कॅनडातल्या अल्बर्टात. तीन.

दहा पूर्णांक नऊ
तीन हरणं?

एक गोळी
तीन बार. पुठ्ठ्यावर. बरं, घ्या तुमची .३०८ आणि ताहरला अंगाई गात बसा.

सत्तरीकरांचा भाचा
मामा, तुम्ही सगळे भांडत होता तेवढ्यात काल मी .२२ घेतली. फार्मवर ससे ढिगाने आहेत, मालकच म्हणाला मार. मोठीचं पगार वाढल्यावर बघू, मामाची .३०८ आधी उडवून. कुळागरवाल्या काकांनू, गंज कसा काढलात?

कुळागर
पुता, गंज रॉकेलने काढला, दोन दिवस भिजत ठेवून. आता बार झाला की त्याच रात्री नळीत कढत पाणी ओततो, काळ्या दारूची राख त्यानेच सुटते. मग पूर्ण सुकवायची, मगच तेल. खोबरेल नको, चिकट होतं. तुझ्या नव्या रायफलीत पाणीबिणी ओतू नकोस हां, नाहीतर मामा मलाच फोन करेल.