सहकाऱ्याचा तास पाहिल्यावर नेमकं सांगायचं काय?

प्रश्न
शिक्षण परिषदेत (आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत) ठरलंय, जोड्या करून एकमेकांचे तास पाहायचे. पण पाठ निरीक्षणाच्या तक्त्यात शेवटी 'फलकलेखन सुंदर, मुलं रमली' एवढंच लिहिलं जातं. उपयोगी पडेल असा अभिप्राय कसा मिळवायचा?

उत्तर १
तक्ता बाजूला ठेवा, तो गुण देण्यासाठी असतो. ज्याचा तास आहे त्यानेच आदल्या दिवशी एक प्रश्न द्यावा. उदाहरणार्थ, भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज असेल तर: '१/२ + १/३ = २/५ लिहिणारी मुलं काय विचार करताहेत?'

पाहणाऱ्याने मागे बसू नये, तिथून मुलांच्या फक्त पाठी दिसतात. फळ्याच्या बाजूला भिंतीशी बसावं आणि चार-पाचच मुलांच्या वह्यांवर लक्ष ठेवावं. नोंदीत वेळ, शिक्षकाचा प्रश्न, मुलाचं उत्तर जसंच्या तसं. प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबले तेही मोजा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या १९७० च्या दशकातल्या अभ्यासात शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबत होते. ३ सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि जास्त मुलं बोलू लागली.

उत्तर २
वरचं पटतं, पण खरी गडबड तासानंतर होते. चर्चा त्याच दिवशी, वीस मिनिटं. आधी शिक्षक बोलेल, मग नोंदी वाचायच्या. 'छान', 'कमी पडलं' हे शब्द नकोतच. 'तिघांनी छेदांची बेरीज केली, त्यातल्या दोघांच्या चित्रात अपूर्णांक दाखवणाऱ्या दोन पट्ट्या वेगवेगळ्या लांबीच्या होत्या' असं सांगितलं, की पुढच्या तासाला काय बदलायचं ते शिक्षकालाच दिसतं. बदल एकच ठरवा आणि दोन आठवड्यांत तो पाहायला पुन्हा जा. ही दुसरी फेरी बहुतेक ठिकाणी गळते, म्हणून तिची तारीख तिथेच लिहून घ्या.

आणि नोंदींची वही ज्याचा तास त्याच्याकडेच राहावी. ती केंद्रप्रमुखांकडे (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) जाणार असं कळलं, की मुलांकडून घोटून घेतलेला पाठच पाहायला मिळतो.

प्रश्नकर्ता
द्विशिक्षकी शाळेत दुसरा वर्ग कोण सांभाळणार?

उत्तर ३
मोबाइल स्टँडवर लावून तासातली १५ मिनिटं चित्रित करा, रोख मुलांच्या वह्यांकडे. दोघांनी शाळा सुटल्यावर पाहायचं आणि पुसून टाकायचं, ग्रुपवर टाकायचं नाही. जवळच्या शाळेतले तीन-चार जण जमत असतील तर जपानी 'जुग्योउ केनक्यू'सारखं (म्हणजे शिक्षकांनी मिळून केलेला पाठाचा अभ्यास) पाठाचं नियोजनच एकत्र करा. पाठ सगळ्यांचा झाला, की फसला तरी शिकवणाऱ्या एकट्यावर येत नाही आणि लोक मोकळं बोलतात.