हिवतापाच्या डासांत परजीवी मुद्दाम पसरवावा का?

रानवाट: केनियातल्या ॲनोफिलिस डासांत ‘मायक्रोस्पोरिडिया एमबी’ हा एकपेशी परजीवी सापडल्याचा शोधनिबंध २०२० मध्ये आला. तो ज्या डासात असतो, त्यात हिवताप घडवणारा प्लास्मोडियम हा जीव वाढत नाही. डासाला फारशी इजा नाही. मादीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत उतरतो आणि समागमातूनही पसरतो. कीटकनाशकांना डास जुमानेनासे झालेत. हिवतापाने दरवर्षी सुमारे ६ लाख माणसं दगावतात, त्यांत बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं. असे डास वाढवून सोडावेत, या मताची मी आहे.

कोशकीटक: माझा विरोध. अंड्यांतून उतरतो, हाच गुण मला भिववतो. रेशीमकिड्यांचा पेब्रीन रोग याच मायक्रोस्पोरिडिया गटातल्या नोसेमा या परजीवीमुळे होतो, आणि तोही आईकडूनच अंड्यांत जातो. एकोणिसाव्या शतकात त्याने फ्रान्सचा रेशीमधंदा बुडायला आणला. १८६५ पासून फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी त्यावर काम केलं. अंडी घालून झाली की मादी पतंग कुटायची, तो लगदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, बीजाणू दिसले की तिची अंडी नष्ट करायची. पतंग आपल्या हातात होते म्हणून हे जमलं. रानातल्या डासांची अंडी कोण तपासणार? टोळ मारायला असाच एक परजीवी १९७८ ते १९८२ दरम्यान उत्तर अमेरिकेतून अर्जेंटिनात नेऊन सोडला. तो तिथे कायमचा रुजला, तिथल्या मूळच्या नाकतोड्यांतही शिरला. आता परत बोलावता येत नाही.

रानवाट: अर्जेंटिनातला परका होता, केनियातला तिथलाच आहे. त्या डासांत तो आधीपासून आहे, फक्त थोड्यांत. आपण प्रमाण वाढवणार, नवा जीव आणणार नाही. पेब्रीन किड्याला मारतो, हा डासाला जगू देतो. दोघांना एका मापाने मोजू नका.

मधपेटी: ‘तिथलाच’ म्हणून निर्धास्त राहू नका. नोसेमा सेरानी हा त्याच गटातला परजीवी १९९६ मध्ये आशियाई मधमाशीत ओळखला गेला. दहा वर्षांच्या आत तो युरोपातल्या पाळीव मधमाश्यांत, म्हणजे दुसऱ्याच जातीत, आढळला.

कोशकीटक: परका-तिथला हा फरक मला मान्य, तेवढं मी मागे घेतो. पण केनियाचं उदाहरण दाखवून उद्या दुसऱ्या खंडात हेच डास नेले, तर तो तिथे परकाच ठरेल. शिवाय प्लास्मोडियम औषधांना सरावला, तसा यालाही सरावणार नाही कशावरून? आधी जाळीबंद आवारात अनेक पिढ्या पाहा, शेजारच्या इतर कीटकांसकट.

रानवाट: जाळीबंद चाचणीला माझी हरकत नाही. मात्र तिला मुदत हवी. तिकडे मुलं तापाने फणफणताहेत.