धनुर्वाताचं गणित वेगळं आहे
"आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली की आपण आपोआप सुरक्षित" असं बरेच जण म्हणतात, ते गोवरासारख्या माणसाकडून माणसाला होणाऱ्या आजारांपुरतं खरं. धनुर्वात तसा पसरतच नाही. त्याचे जंतू मातीत असतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या लसीचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. आणि एकदा धनुर्वात होऊन माणूस वाचला तरी पुढची प्रतिकारशक्ती मिळत नाही, लस घ्यावीच लागते.

मागच्या वर्षी कुंडी हलवताना पायात गंजका खिळा गेला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "शेवटचं इंजेक्शन कधी?" मी नुसता आठवत बसलो. मुलीचं लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, माझा मात्र एक कागद नाही! प्राथमिक डोस पूर्ण असले तरी अनेक देशांत मोठ्यांना दर 10 वर्षांनी बूस्टर सांगतात. जखम मातीने माखलेली असेल तर शेवटच्या डोसला 5 वर्षं उलटली असली तरी देतात.

मुलाचा डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का, असंही काही जण विचारतात. सहसा नाही. जिथे थांबलात तिथून पुढे. कार्ड घेऊन जा फक्त.