ऋण प्रबलन म्हणजे छडी नव्हे

चौथीच्या बाई:
'धाकाशिवाय मूल शिकत नाही आणि मानसशास्त्रज्ञ स्किनरने ऋण प्रबलन मांडून छडीला शास्त्राचा आधारच दिला आहे', हे गुरुजींचे कालचे विधान वाचून राहवले नाही. प्रबलन धन असो वा ऋण, त्याने वर्तन वाढते. शिक्षेने ते दबते. प्रयोगाच्या पेटीत तळातून विजेचा झटका बसत असताना उंदराने तरफ दाबली की झटका थांबतो, म्हणून पुढच्या वेळी तो तरफ अधिक लवकर दाबतो. हे ऋण प्रबलन. शिक्षेचा प्रयोग स्किनरने १९३८च्या ग्रंथात वेगळा नोंदवला आहे. तरफ दाबूनही अन्न मिळणे बंद झाल्यावर काही उंदरांच्या पंजांवर सुरुवातीला फटके बसवले, तेव्हा त्यांचे दाबणे मंदावले खरे. पण फटके थांबल्यावर ते पुन्हा वाढले आणि अखेरीस एकूण संख्या फटके न खाल्लेल्या उंदरांइतकीच भरली. यात छडीला आधार कुठे आहे?

गुरुजी:
संज्ञा चुकली, तेवढे मान्य. मुद्दा चुकलेला नाही. माझे वडील दिवेलागणीला ओसरीवर बसवून पाढे म्हणून घेत, अडखळलो की हातावर छडी बसे आणि आज सत्तरी उलटल्यावरही माझी अडीचकी अडत नाही. उंदरांच्या पंजांवरून मला माझे बालपण समजावू नका.

चौथीच्या बाई:
अडीचकी छडीने आली की रोजच्या उजळणीने, हे कसे ठरवलेत? माझ्या वर्गातल्या एका मुलाचे गणिताच्या तासाला पोट दुखे. घरी सोडले की दुखणे थांबे आणि दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर सुरू होई. ते ऋण प्रबलन होते आणि ते मीच देत होते. त्याची भीती मात्र रशियन शास्त्रज्ञ पावलोवने दाखवलेल्या वाटेने आली होती: आधीच्या वर्गात छडी आणि फळ्यावरची आकडेमोड इतक्यांदा एकत्र आली होती, की पुढे नुसत्या आकडेमोडीनेही त्याचे हात गार पडत.

एक पालक:
छडीइतकेच बक्षिसाच्या चांदण्यांचेही बोला. माझी मुलगी गोष्टीची पुस्तके आपणहून वाचायची. शाळेने वाचलेल्या पुस्तकामागे भिंतीवरच्या तक्त्यात एक चांदणी सुरू केली आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिने एकही पुस्तक उघडले नाही. 'आता चांदणी कोण देणार?' असे तिनेच मला विचारले. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये चित्रे काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांत हेच दाखवले होते. तरीही बी.एड.ला बक्षिसांचेच गोडवे गातात!

मानसशास्त्राची विद्यार्थिनी:
आपण अर्धाच प्रयोग सांगितलात. ज्यांना बक्षीस आधी कबूल केले होते, त्यांचीच गोडी घटली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची घटली नाही. शिवाय ती मुले मुळातच चित्रांत रमणारी निवडलेली होती. जे मूल पुस्तकाला हातच लावत नाही, त्याला चांदणी देऊ नये, असे यातून निघत नाही.

एक पालक:
पण तक्ता भिंतीवर एकच असतो! वाचणारे आणि न वाचणारे त्यात कोण वेगळे काढतो? माझ्या मुलीचे वाचन गेले, त्याची भरपाई आता कशाने करायची?

चौथीच्या बाई:
तसाच तक्ता माझ्या वर्गातही आहे आणि आपणहून वाचणाऱ्यांना त्यातून वगळावे, हे मला सुचले नव्हते. आपला राग योग्य आहे.

गुरुजी:
त्या मुलाच्या गार पडणाऱ्या हातांवर माझ्याकडे उत्तर नाही. छडीचा मुद्दा मी सोडतो. पाढे मात्र रोज मोठ्याने म्हणून घ्या, बाई. त्यावर मी हटणार नाही.