मदत हवी आहे: ब्योर्कोबी (फिनलंड) इथे १९७३ नंतर समुद्रातून वर आलेली जमीन नकाशावर कशी मोजावी?

नमस्कार मंडळी,

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, वासा शहराजवळच्या बेटांवर ब्योर्कोबी हे स्वीडिशभाषकांचं गाव आहे. १९७३ पर्यंत त्याची स्वतंत्र पालिका होती. त्या वर्षी शेजारच्या रेप्लोटसह ती कोर्सहोल्ममध्ये विलीन झाली (फिनिश नकाशांवर हेच मुस्तासारी). भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी मी या गावावर मराठीत टिपण लिहितोय आणि त्यातल्या एका नकाशावर गाडी अडली आहे.

हिमयुगात इथे सुमारे ३ किमी जाडीचा बर्फ होता. त्याच्या भाराने दबलेलं भूकवच बर्फ वितळून हजारो वर्षं झाली तरी अजून वर येतंय. क्वार्केनच्या (फिनलंड आणि स्वीडनमधला अरुंद, उथळ समुद्र) या पट्ट्यात समुद्राच्या मानाने वेग वर्षाला साधारण ८ मिमी, म्हणजे विलीनीकरणानंतरच्या ५० वर्षांत जवळपास ४० सेंमी! कोकणच्या कड्यांना ४० सेंमीने काही फरक पडला नसता. इथला किनारा मात्र इतका सपाट आहे की पाणी पार लांब सरकतं. हिमनदीने मागे ठेवलेल्या दगडगोट्यांच्या बुटक्या, समांतर रांगा पाण्यातून डोकं वर काढतात. दोन रांगांमधली चिंचोळी खाडी आधी बंदिस्त होते, मग तिचं तळं होतं, त्यात बोरू-लव्हाळे माजतात आणि शेवटी जमीन. गावाचं बूडबाक हे जुनं मासेमारी बंदर असंच उथळ होत गेलं आणि होड्या स्वेद्येहाम्नला न्याव्या लागल्या. संपूर्ण क्वार्केन द्वीपसमूहात दरवर्षी सुमारे १ चौ. किमी नवी जमीन तयार होते. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं ते याचमुळे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मालकीची बाजू. वर आलेली जमीन सरकारजमा होत नाही, तिथल्या पाण्याच्या मालकाची होते आणि ते पाणी बहुधा गावातल्या जमीनधारकांच्या सामाईक मालकीचं असतं. पालिका गेली तरी गावाची जमीन वाढतेच आहे. म्हणून आकडा अंदाजपंचे द्यायचा नाहीये.

आता अडचण. जुने छापील नकाशे आणि आजचा उंचीचा डेटा क्यूजीआयएसमध्ये (नकाशे हाताळायचं मोफत सॉफ्टवेअर) एकावर एक ठेवायचे आहेत. पण जमीनच वर येत असल्यामुळे फिनलंडने उंचीची मोजणीपद्धत वेळोवेळी बदलली आहे: एन४३, मग एन६०, आता एन२०००. जुन्या नकाशावरची शून्य उंची आजची शून्य नाही. शिवाय भरती-ओहोटी जवळजवळ नसली तरी वारा आणि हवेचा दाब यांमुळे पाणी सहज अर्धा-एक मीटर वरखाली होतं, त्यामुळे नुसत्या दोन हवाई फोटोंवरून किनारा ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

एन६० ते एन२००० रूपांतर कुणी प्रत्यक्ष केलंय का? एवढ्या छोट्या भागाला एकच ठरावीक फरक लावला तर चालेल, की जागेनुसार बदलणारा घ्यावा? जागतिक समुद्रपातळीची वाढ वेगळी वजा करायची, की ८ मिमीत ती आधीच धरलेली असते?

वासा परिसरात राहणारं कुणी असेल तर आणखी एक विनंती. १९९७ चा १,०४५ मीटरचा रेप्लोट पूल ओलांडून स्वेद्येहाम्नला जाणं झालं, तर तिथल्या निरीक्षण मनोऱ्यावरून त्या समांतर रांगांचा फोटो काढून इथे टाकाल का? टिपणात वापरायची परवानगीही द्या, श्रेय नक्की देईन.