पायाच्या फुगलेल्या शिरा: रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर

सी-१०३: *फॉरवर्ड* पायावर पाय टाकून बसल्यानं आणि रक्त घट्ट झाल्यानं शिरा फुगतात. रोज ५ लसणाच्या पाकळ्या खा.
खरं का ओ डॉक्टर?

बी-४०२ (सर्जन): लसूण चटणीत घाला वैनी, शिरेला त्याचा काय उपयोग नाही. रक्त घट्ट असण्याशीही संबंध नाही. पायाच्या शिरांत रक्त फक्त वर जाऊ देणाऱ्या झडपा असतात. शिरेची भिंत सैल पडून ती रुंद झाली की झडपेच्या पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत. रक्त मागं घसरतं, खालची शीर ताणते, मग तिचीही झडप गळते. पुष्कळदा मुख्य गळती जांघेत सापडते आणि गाठी दिसतात पोटरीवर.

ए-२०५ (फिजिओ): पायावर पाय टाकल्यानं होतं याला ठोस पुरावा नाही. एका जागी उभं राहणं मात्र नडतं. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याच्या शिरेत ८०-९० मिमी पाऱ्याइतका दाब असतो. चालायला लागलं की पोटरी रक्त वर पिळते आणि दाब ३० च्या आसपास उतरतो. झडपा गळक्या असतील तर तेवढा उतरत नाही. रंकाळा तलावाला चक्कर मारणारा आणि फौंड्रीत ८ तास एका जागी उभा असणारा, दोघांचा हिशेब वेगळा.

डी-३०१: मग फौंड्रीवाल्यानं काय मशीन सोडून रंकाळ्याला जायचं व्हय? 😄

ए-२०५ (फिजिओ): जागेवरच टाचा उचलायच्या काका. दर अर्ध्या तासानं २० वेळा, पार चवड्यावर. अर्धवट उचलल्या तर पोटरी नीट पिळत नाही.

सी-१०३: पण हे बायकांनाच जास्त होतं न्हवं?

बी-४०२ (सर्जन): दाखवायला बायका जास्त येतात. एडिंबरा शहरात १८ ते ६४ वयाच्या लोकांचे पाय तपासले होते. १९९९ साली छापून आलेला निकाल: मुख्य शिरा फुगलेले पुरुष ४० टक्के, बायका ३२ टक्के. जाळ्यासारख्या बारीक शिरा तर दोघांतही ८० टक्क्यांच्या वर. आकडे स्कॉटलंडचे आहेत, कोल्हापूरला तसेच चिकटवू नका. पण पुरुषांचं पँटीखाली झाकून राहतं, हे इथंही खरंच. वय, आई-वडिलांकडून आलेला कल, वजन आणि गरोदरपण ही मोठी कारणं.

बी-१०१ (नर्स): गरोदरपणात रक्त जवळजवळ दीडपट होतं, हार्मोननं शिरा सैलावतात, शेवटी गर्भाशयाचा भार येतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळ ओसरतं, म्हणून लगेच ऑपरेशनची घाई नको.

डी-५०२ (सोनोग्राफी): डॉपलर, म्हणजे शिरेत रक्त कुठल्या दिशेला वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, उभं करून व्हायला पाहिजे. झोपवून केली तर गळती निसटते. पोटरी दाबून सोडल्यावर वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ रक्त उलटं वाहिलं तर झडप बिघडलेली. रिपोर्टात तो वेळ लिहिलाय का बघा.

डी-३०१: मेडिकलात पाय आवळून धरणारे मोजे मिळतात, ते घेतले तर?

बी-१०१ (नर्स): माप सकाळी, सूज चढायच्या आधी. घोट्याचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर. वरची कड दुमडायची नाही, तिथं दोरीसारखं आवळतं. मधुमेह असेल, तंबाखू-सिगारेट असेल किंवा चालताना पोटरीत गोळा येत असेल, तर आधी धमनीतलं रक्त पायापर्यंत नीट पोचतंय का ते तपासून घ्या. आणि मोज्यानं ठणका, सूज कमी होते, झडप दुरुस्त होत नाही.

सी-१०३: शीर फुटली तर वो?

बी-४०२ (सर्जन): लगेच आडवं करा, पाय छातीपेक्षा वर, स्वच्छ फडक्यानं १० मिनिटं दाबून धरा. मधेच उचलून बघू नका. वरच्या बाजूला टॉवेल आवळू नका, परतीची वाट अडते आणि रक्त वाढतं. थांबलं तरी दाखवाच. आणि एकाच पायाला अचानक सूज-दुखणं आलं तर आत गुठळी असू शकते. चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना.

ए-२०५ (फिजिओ): सेक्रेटरी साहेब, गेटवरचा वॉचमन रात्रभर पाय लोंबकळत बसतो, तेही शिरांना वाईटच. पाय ठेवायला स्टूल द्या आणि तासाला पार्किंगची एक फेरी मारू दे.

सेक्रेटरी: फेरी ड्युटीत हायच. स्टूल संध्याकाळी ठेवतो.